उघड्या कोडची राखण कोण करणार?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे, की कोड सर्वांसमोर असल्यामुळे त्यावर हजारोंची नजर असते आणि म्हणून त्यात काही दडून राहणे शक्य नाही. दुसरे असे, की जो कोड आपण वाचतो तोच हल्लेखोरही वाचतो, तेव्हा तो झाकलेलाच बरा. पहिले मत आमच्यासारख्या मुक्तस्रोताच्या बाजूने बोलणाऱ्यांचे आणि दुसरे बंदिस्त उत्पादने विकणाऱ्यांचे. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळण्यात बरीच वर्षे घालवल्यावर मला असे वाटू लागले आहे की ही दोन्ही मते एकाच प्रश्नाला बगल देतात. तो कोड प्रत्यक्षात वाचतो कोण आणि त्या वाचण्याचे पैसे त्याला कोण देतो? कोड खुला असला की तो तपासण्याचा हक्क मिळतो. तपासणी मात्र काम आहे आणि ते करायला माणूस, वेळ आणि पगार लागतो. आपल्याकडच्या धोरणांनी हक्काची भाषा गेल्या दहा वर्षांत चांगली उचलली. कामाची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नाही, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

२०२४ सालचे एक्सझेड प्रकरण या दृष्टीने पुन्हा पुन्हा अभ्यासावे असे आहे. एक्सझेड हे माहिती दाबून लहान करण्याचे साधन. ते जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते आणि त्यातली लिबएलझेडएमए ही लायब्ररी इतर अनेक प्रोग्रॅम वापरतात. इतक्या ठिकाणी पोहोचलेली ही गोष्ट लासे कॉलिन हा फिनलंडचा एक प्रोग्रॅमर वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, बिनपगारी, हौसेखातर सांभाळत होता. २०२१ मध्ये जिया टॅन या नावाचे एक खाते तिथे किरकोळ दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२ मध्ये आणखी काही खाती अवतरली आणि कामाचा वेग मंद आहे, दुरुस्त्या पडून राहतात, नवा मेंटेनर (देखभाल करणारा) नेमा, असा तगादा त्यांनी लावला. त्यांतल्या एकाचे नाव तर जिगर कुमार असे होते. वाचणाऱ्याला वाटावे की भारतातला कोणी उतावळा तरुण अभियंता असेल. कॉलिनने उत्तरात आपल्या दीर्घकाळच्या मानसिक त्रासाचा उल्लेख केला आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे याची आठवण दिली. त्यानंतर हळूहळू जिया टॅनकडे अधिकार गेले. ही खाती एकाच टोळीची होती असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते आणि त्यांच्यामागे कोण होते हे उघड झालेले नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या आल्या आणि त्यांतून बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, आत शिरले. त्याची रचना पाहिली की कोड उघडा असणे म्हणजे नेमके काय, याचा विचार नव्याने करावा लागतो. जो कोड गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, भांडारात सर्वांना दिसत होता, त्यात हल्ला पूर्ण स्वरूपात नव्हता. दुष्ट भाग चाचणीसाठी ठेवलेल्या द्विमान (बायनरी), म्हणजे माणसाला थेट वाचता न येणाऱ्या, फायलींत लपवलेला होता. दाबलेली फाइल मुद्दाम बिघडवून चाचणीसाठी ठेवण्याची पद्धतच असल्याने अशा फाइलकडे कोणी संशयाने पाहत नाही. त्या फायलींतून तो भाग बाहेर काढून जोडणारी ओळ फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमधल्या (वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या) बिल्ड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या सूचनांमध्ये, होती, गिटमध्ये नव्हती. म्हणजे भांडारातला कोड ओळन्‌ओळ वाचून काढणाऱ्यालाही सापळा पूर्ण दिसला नसता. पुढचा मार्ग आणखी आडवळणाचा होता. एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करू देणाऱ्या, सर्व्हरचा एक्सझेडशी थेट काही संबंध नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी (लिनक्सच्या तयार संचांनी) सिस्टमडीला, म्हणजे यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, निरोप देण्याच्या सोयीसाठी एसएसएचमध्ये स्वतःचा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, घातलेला होता. त्यामुळे सिस्टमडीची लायब्ररी आणि तिच्यामागोमाग लिबएलझेडएमएही एसएसएचच्या प्रक्रियेत येऊन बसत असे. ज्याच्याकडे ठरावीक खासगी किल्ली असेल, त्याला लॉगिन न करताच त्या यंत्रावर हवा तो आदेश चालवता आला असता.

हे पकडले गेले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. तो पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसचा विकासक आहे आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे. डेबियनच्या अस्थिर शाखेवर तो वेगाच्या बारीक मोजमापाच्या चाचण्या घेत होता आणि त्यासाठी यंत्रावर बाकी काही हालचाल नको होती. त्याला दिसले की चुकीच्या नावाने येणाऱ्या आणि लगेच नाकारल्या जाणाऱ्या एसएसएच लॉगिनसुद्धा प्रोसेसरचा नको इतका वेळ खात आहेत. जे लॉगिन आधी ०.२९९ सेकंदांत आटोपत होते, त्याला ०.८०७ सेकंद लागू लागले होते. पॅकेज अद्ययावत झाल्यानंतर व्हॅलग्राइंड या साधनाने दिलेल्या काही विचित्र तक्रारी त्याला आठवल्या आणि तो माग काढत लिबएलझेडएमएपर्यंत पोहोचला.

या घटनेचा निष्कर्ष लोक आपापल्या सोयीने काढतात. पहिल्या मताचे लोक म्हणतात, बघा, कोड खुला होता म्हणून सापडले. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. लॉगिन मंदावल्याचा संशय फ्रॉइंडला यंत्राच्या वागण्यातून आला, कोड वाचून नव्हे. परंतु संशय आल्यानंतर तो थेट मुळापर्यंत जाऊ शकला, कोणाची परवानगी न मागता प्रत्येक थर सोलू शकला, ते कोड खुला होता म्हणूनच. बंदिस्त उत्पादनात याच जागी तो कंपनीच्या ग्राहकसेवेला पत्र लिहून थांबला असता. सोलरविंड्स या कंपनीच्या ओरायन या नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या बंदिस्त उत्पादनाची सही केलेली, दूषित अद्यतने मार्च २०२० पासून ग्राहकांकडे जात होती आणि हा प्रकार उघड व्हायला डिसेंबर उजाडला. तेही स्वतःच्याच घरात घुसखोरी झालेल्या फायरआय या सुरक्षा कंपनीने शोध घेतला म्हणून. एक्सझेडची पहिली दूषित आवृत्ती आणि तिचा गौप्यस्फोट यांत सुमारे पाच आठवडे गेले. हा फरक लहान नाही. तरीही अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारा माणूस योग्य वेळी योग्य यंत्रापुढे बसलेला असणे, ही सुरक्षा व्यवस्था म्हणता येत नाही.

फ्रॉइंडचे जाहीर पत्र आले तो दिवस २९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साधारण सव्वानऊ वाजून गेले होते. बँकांत काम करणाऱ्यांना त्या आठवड्याचा अर्थ सांगायला नको. आर्थिक वर्षाचा शेवट, रविवारी ३१ मार्च आणि सगळीकडे इयर एंडिंगची धावपळ. आमच्या ताब्यातल्या बहुतेक यंत्रांवर उबुंटूची २२.०४ आणि डेबियनची बारावी आवृत्ती होती. त्यांत एक्सझेडच्या अनुक्रमे ५.२.५ आणि ५.४.१ या जुन्या आवृत्त्या होत्या, त्यामुळे तासाभरात सगळी यादी तपासून झाली आणि जीव भांड्यात पडला. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. एका संस्थेत वेंडरने बसवलेली एक तयार पेटी होती. आत लिनक्स आहे हे तिच्या सुरू होतानाच्या पडद्यावरून कळत असे, पण आत शिरण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. आतल्या एक्सझेडची आवृत्ती कोणती, एवढा एकच प्रश्न आम्ही ईमेलने विचारला. सुट्ट्या संपल्यावर उत्तर आले की आमची उत्पादने सुरक्षिततेच्या सर्वोच्च निकषांनुसार बनवलेली आहेत. आवृत्तीचा आकडा त्यात नव्हता. पुन्हा विचारले, तेव्हा संबंधित टीमकडे पाठवले आहे असे कळले. मुक्तस्रोत घटकांनी भरलेली ती पेटी आमच्यासाठी पूर्णपणे बंदिस्त होती आणि आपल्याकडच्या संस्थांत मुक्तस्रोत बहुतेक वेळा याच अवस्थेत येऊन पोहोचते, हे मला त्या आठवड्यात जितके स्पष्ट दिसले तितके आधी कधी दिसले नव्हते.

त्याच वर्षी जुलैअखेर आणखी एक घटना घडली. सी-एज टेक्नॉलॉजीज या लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला किरकोळ देयक यंत्रणांपासून तात्पुरते तोडले. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक त्या काळात यूपीआयसारख्या सेवांपासून दूर राहिले. क्लाउडसेक या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीने नंतर जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यानुसार हल्ल्याची सुरुवात एका सहयोगी पुरवठादाराच्या चुकीच्या पद्धतीने उभारलेल्या जेन्किन्स सर्व्हरवरून झाली. जेन्किन्स हे सॉफ्टवेअर बनवण्याची कामे आपोआप चालवणारे मुक्तस्रोत साधन आहे. ज्या त्रुटीचा उल्लेख त्या विश्लेषणात होता, तिचा पॅच जेन्किन्सच्या लोकांनी जानेवारी २०२४ मध्येच दिलेला होता. म्हणजे मूळ प्रकल्पाने आपले काम वेळेत केले. आपल्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर आहे, त्याची दुरुस्ती आली आहे आणि ती बसवली पाहिजे, हे पाहण्याची जबाबदारी ज्या साखळीत असायला हवी होती तिथे ती नव्हती. बँकेच्या संचालक मंडळाला आपल्या पुरवठादाराचे नाव ठाऊक असते. त्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण आणि तो काय वापरतो, हे ठाऊक असणारे मंडळ मला तरी अजून भेटायचे आहे.

आता धोरणाकडे येतो. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. निविदा काढताना पुरवठादाराने बंदिस्त पर्यायाबरोबर मुक्तस्रोत पर्यायाचाही विचार केलाच पाहिजे आणि तो वगळला तर कारण दिले पाहिजे, अशी त्यातली मुख्य अट. पर्यायांची तुलना करताना सुरक्षा, नियंत्रण, आयुष्यभराचा खर्च आणि देखभालीच्या गरजा पाहाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशन्सचा कोड खुला करून एकत्रितपणे विकसित करण्याचे धोरण आले आणि त्यातून ओपनफोर्ज हे सरकारी भांडार उभे राहिले. कागदावर हे सगळे उत्तम आहे आणि मी त्याचा समर्थक आहे. प्रत्यक्षातल्या निविदा वाचताना मात्र करमणूक होते. सुरुवातीच्या कलमात मुक्तस्रोताला प्राधान्य देण्यात येईल असे वाक्य असते आणि मागच्या परिशिष्टातली तांत्रिक वैशिष्ट्ये अशा रीतीने लिहिलेली असतात की एकाच कंपनीचा डेटाबेस त्यांत बसावा.

माझा मोठा आक्षेप पुढच्या टप्प्याबद्दल आहे. मुक्तस्रोत स्वीकारल्यावर सरकारचे परवान्याचे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे कुठे जातात? गावच्या विहिरीचे पाणी सगळे भरतात आणि गाळ काढायची वेळ आली की एकमेकांकडे पाहतात, तसे हे चालले आहे. देशातल्या मोठमोठ्या सार्वजनिक यंत्रणा लिनक्स, पोस्टग्रेस, काफ्का, ओपनएसएसएल या मुक्तस्रोत प्रकल्पांवर उभ्या आहेत. इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी २०१४ मध्ये उघड झाली, तेव्हा निम्म्या जगाची बँकिंग गुप्तता ज्यावर अवलंबून होती त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, हे जगाला कळले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. दहा वर्षांनी एक्सझेडच्या बाबतीत तीच कथा नव्या नावांनी घडली. आपल्या २०१५ च्या धोरणात, मूळ प्रकल्पांना निधी देण्याची किंवा त्यांचा कोड नियमित तपासण्यासाठी माणसे नेमण्याची जबाबदारी कोणत्याही खात्यावर टाकलेली नाही.

कोड खुला करणे ही एका दिवसाची घोषणा असते अशी आपली समजूत आहे आणि आरोग्य सेतूच्या वेळी ती पूर्णपणे उघडी पडली. २ एप्रिल २०२० ला हे ॲप आले तेव्हा त्याच्या अटींमध्ये उलट-अभियांत्रिकीला, म्हणजे तयार ॲप उकलून आतली रचना शोधण्याला, मनाई होती. टीका झाल्यावर २६ मे २०२० ला अँड्रॉइड ॲपचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खुला करण्यात आला आणि त्रुटी दाखवणाऱ्यास बक्षिसेही जाहीर झाली. कोट्यवधी लोकांच्या फोनमधल्या सरकारी ॲपचा कोड प्रसिद्ध होणे ही आपल्याकडे मोठीच गोष्ट होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण लोकांची माहिती जिथे जाऊन साठणार होती त्या सर्व्हरचा कोड तेव्हा दिला गेला नाही. तो नोव्हेंबरमध्ये ओपनफोर्जवर आला. शिवाय गिटहबवर ठेवलेला कोड आणि लोकांच्या फोनमध्ये उतरणारी आवृत्ती एकच आहे का, हा प्रश्न अनेक प्रोग्रॅमरांनी विचारला. एक्सझेडच्या नंतर त्या प्रश्नाचे वजन कोणालाही पटावे, कारण तिथेही हल्ला नेमका दिसणारा कोड आणि वाटला जाणारा कोड यांच्यातल्या फटीत होता. याला तांत्रिक उत्तर आहे. उपलब्ध कोडमधून कोणीही स्वतः बिल्ड केल्यास बिट्‌न्‌बिट तीच फाइल तयार झाली पाहिजे, अशी पुनरुत्पादनक्षम बिल्डची पद्धत डेबियनसारखे प्रकल्प अनेक वर्षे घडवत आहेत. सरकारी ॲपसाठी ही अट घालायला नवा कायदा लागणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला नोटीस काढली, कारण आरोग्य सेतू नेमके कोणी तयार केले याची माहिती देणारा अधिकारीच पुढे येत नव्हता. त्यानंतर सरकारने खुलासा केला. पण कोड खुला आणि कर्त्याचा पत्ता नाही, अशी विचित्र स्थिती काही दिवस होतीच.

सुरक्षेच्या धोरणातही हाच एकतर्फीपणा आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवावे लागतात. शेवटच्या अटीमुळे एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन यांच्यासारख्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. घटना लगेच कळवण्याची सक्ती मला मान्य आहे. सहा तासांची मुदत दोन माणसांच्या आयटी विभागाला जाचक आहे हे खरे, पण लपवाछपवीची सवय मोडायला काहीतरी सक्ती हवीच होती. माझा प्रश्न परतीच्या प्रवासाबद्दल आहे. सर्ट-इन सूचना आणि त्रुटींच्या नोंदी प्रसिद्ध करते आणि त्या आम्ही रोज वाचतो. परंतु आपल्याच देशात, आपल्यासारख्याच बँकेत काय घडले, हल्लेखोर कोणत्या वाटेने आला, कोणता पॅच राहून गेला होता, याची सविस्तर कथा बाहेर येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर ही संस्था माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून जवळपास बाहेर काढण्यात आली. फ्रॉइंडने आधी डेबियनच्या आणि इतर वितरणांच्या सुरक्षा गटांना खासगीत कळवले आणि मग सगळे पुरावे, फायलींची नावे, तपासणीची स्क्रिप्ट असे जाहीर लिहिले, म्हणून पुण्यात बसलेल्या माणसाला त्या रात्री तासाभरात आपली यंत्रे तपासता आली. गुप्ततेची गरज काही तास किंवा काही आठवडे असते हे कोणीही मान्य करील. ती कायमची झाली की तिचा फायदा फक्त ज्याने हलगर्जीपणा केला त्यालाच होतो.

हीच गुप्तता बंदीच्या आदेशांतही दिसते. मे २०२३ मध्ये १४ मेसेजिंग ॲप्सवर बंदी आल्याचे वृत्त आले, त्यांत ब्रायर आणि एलिमेंट ही दोन मुक्तस्रोत ॲप्स होती. जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांकडून वापर हे कारण सांगण्यात आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखालच्या अशा आदेशांची गोपनीयता नियमांतच असल्याने सविस्तर कारणमीमांसा नागरिकांसमोर येत नाही. एलिमेंट ज्या मॅट्रिक्स प्रोटोकॉलवर चालते, त्याच प्रोटोकॉलवर फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चॅप ही सेवा उभारली आहे आणि जर्मन लष्कराचा मेसेंजरही त्यावरच आहे. एका बाजूला डिजिटल स्वावलंबनाची भाषा करायची आणि दुसऱ्या बाजूला, ज्या साधनावर आपल्याला स्वतःची सेवा स्वतःच्या सर्व्हरवर उभारता आली असती, त्याच्याकडे संशयित म्हणून पाहायचे, यात मला मोठी विसंगती दिसते. शिवाय प्रोटोकॉल खुला असल्याने एका ॲपवरच्या बंदीने तो थांबत नाही. थांबतो तो साधा, कायदा पाळणारा वापरकर्ता.

पैशाच्या प्रश्नाला जगात कोणी हातच घातलेला नाही असे नाही. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड सुरू केला आणि सरकारी तिजोरीतून मूलभूत मुक्तस्रोत प्रकल्पांच्या देखभालीला पैसे देण्यास सुरुवात केली. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यात मुक्तस्रोत घटक वापरून उत्पादन विकणाऱ्या कंपनीवर सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे आणि हौसेने कोड लिहिणाऱ्या व्यक्तीला तिच्यातून वगळले आहे. मूळ मसुद्यावर मुक्तस्रोत संस्थांनी बरीच टीका केली, तेव्हा कुठे ही विभागणी आली. माझ्या मते जबाबदारीची रेघ हीच असायला हवी: ज्याने विकून पैसे घेतले, त्याने उत्तर द्यावे. आपल्याकडे झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर करून वर्षाला १० लाख डॉलर मुक्तस्रोत प्रकल्पांना देण्याचे ठरवले. एका खासगी दलाली कंपनीला हे सुचते आणि मुक्तस्रोतावर उभ्या असलेल्या डिजिटल सुविधांचा जगभर अभिमानाने उल्लेख करणाऱ्या सरकारच्या अंदाजपत्रकात तसे ठळक खाते दिसत नाही, याचे वाईट वाटते. केरळने शालेय शिक्षणात वेगळी वाट धरली. तिथल्या काइट या संस्थेने शाळांसाठी स्वतःचे लिनक्स तयार केले आणि त्याबरोबर शिक्षकांना शिकवणारी, बिघाड निस्तरणारी माणसे राज्यातच घडवली. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकासमोर बसवले, हे काम मोठेच. पण त्या वर्गांत संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस असे समीकरण पक्के झाले ते झालेच.

मराठी वाचकाला हा सारा विषय लांबचा वाटत असेल, तर त्याने क्रोम, फायरफॉक्स किंवा अँड्रॉइड फोनवर वाचत असलेल्या कोणत्याही मराठी मजकुरातल्या एखाद्या जोडाक्षराकडे पाहावे. 'क्ष्म' किंवा 'र्‍या' यांतली अक्षरे संगणकाच्या स्मृतीत सुटी सुटी साठवलेली असतात. त्यांना योग्य जागी, योग्य आकारात जोडण्याचे काम हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी करते, आणि लिब्रेऑफिसमध्येही तीच असते. जगातल्या बहुतेक लिप्यांचा भार वाहणारे हे काम मोजक्या माणसांच्या हातून चालते. लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली, त्यात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेल्या आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुल्या केलेल्या लोहित फॉन्टचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या गटाचा 'मुक्ता' हा फॉन्टही आज असंख्य संकेतस्थळांवर दिसतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्या निमित्ताने भाषेवर जो काही खर्च होईल, त्यातला थोडा जरी अशा लायब्ररींच्या आणि फॉन्टच्या देखभालीकडे वळला, तर संमेलनाच्या एखाद्या मांडवाइतक्या पैशांत पुष्कळ काम होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सर्ट-इनने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, कशी तयार करावी याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि सेबीनेही आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांसाठीच्या सायबर चौकटीत ही यादी आणली. उत्पादनात कोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे, कोणाकडून आलेले आहेत हे त्यात लिहिलेले असते. मला हे गेल्या काही वर्षांतले सर्वांत उपयोगी पाऊल वाटते, कारण वर सांगितलेल्या पेटीबद्दलच्या आमच्या प्रश्नाचे उत्तर अशा यादीत पाच मिनिटांत मिळाले असते. आम्ही सल्ला देतो त्या संस्थांच्या नव्या करारांत आता ही यादी मागतो. प्रत्येक अद्यतनाबरोबर नवी यादी आणि गंभीर त्रुटीची बातमी आल्यापासून दोन दिवसांत लेखी उत्तर, अशा अटी घालतो. काही वेंडर निमूटपणे सही करतात, काही किंमत वाढवतात. एकाने सांगितले की ही यादी दिली तर आमचे व्यावसायिक गुपित फुटेल. त्याच्या उत्पादनाच्या मदत-पानावर मुक्तस्रोत परवान्यांची लांबलचक यादी कायद्याने द्यावी लागते म्हणून आधीच छापलेली होती. तिच्यात फक्त आवृत्त्यांचे आकडे नव्हते.

दुसरी गोष्ट आम्ही आमच्या छोट्या फर्मपुरती केली. ज्या चार-पाच प्रकल्पांवर आमची रोजीरोटी चालते, त्यांना दरवर्षी थोडी रक्कम पाठवायचे ठरले. रक्कम सांगण्यासारखी नाही. ती पाठवताना आमच्या हिशेबनिसांनी विचारले, हा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा? देणगी म्हणावी तर परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही, खरेदी म्हणावी तर बिल नाही आणि मालही फुकटच मिळतो. शेवटी ज्या प्रकल्पांमागची संस्था रीतसर पावती देते, त्यांचीच निवड केली आणि रक्कम 'सॉफ्टवेअर देखभाल' या खात्यात घातली. ऑडिटरने त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले, पावत्या पाहिल्या आणि पुढच्या पानाकडे वळला.